दही मोडून मिळणार नाही

जरा अशी जवळ ये बघू. खुर्ची ओढ आणि हातातला तो फोन पालथा ठेव. जवळ ये म्हणजे कागदावरच ये. खरी कुठली यायला तू! बिबवेवाडीहून शनिवार पेठेत यायचं म्हणजे तुला पासपोर्ट काढावा लागत असेल. परवा फोनवर मी म्हटलं की माझी साखर एका दवाखान्यात एक निघाली आणि दुसऱ्या दवाखान्यात दुसरीच, तर तू लगेच सुनावलंस, "मावशी, रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट असतो. तो खोटं बोलत नाही."

बोलत नाही, कबूल. पण अगं, एकाच पातेल्यातल्या दह्याचे दोन रिपोर्ट ज्या घरात आले, त्या घरच्या माणसाला असं सुनवायचं नसतं. तू तेव्हा फ्रॉकात होतीस. तुला सांगितलं होतं की काका कामासाठी कोर्टात जातात. कामासाठीच जायचे. आरोपी म्हणून उभं राहायचं काम होतं.

आपलं दुकान तुला आठवत असेल. खाली दुकान, वर आम्ही. सकाळी दूध, नऊनंतर दही, उरलं तर दुपारी ताक. दूध तुझ्या काकांकडे आणि दही माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती आणि एकाने दुसऱ्याच्या भांड्यात हात घालायचा नाही असा नियम होता. दह्याच्या वर भिंतीवर एक पाटी होती. काकांनी स्वतः रंगवलेली, काळ्यावर पांढरी अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक: "दही मोडून मिळणार नाही."

एकदा एका कॉलेजच्या पोराने ती वाचून विचारलं, "काका, नोट मोडून मिळेल का?" काका म्हणाले, "नोट मिळेल. पाटी दह्याबद्दल आहे."

आता तुमच्या पिढीला दही मोडणं म्हणजे काय तेही सांगावं लागणार. तुम्ही डब्यातलं, झाकण सोलून खाता. नीट लागलेलं दही आरशासारखं असतं. वर साय, कुठे भेग नाही. ते कडेनं पसरट पळीने कापत जायचं, वडी उचलल्यासारखी उचलायची आणि गिऱ्हाइकाच्या भांड्यात अलगद ठेवायची. एकदा का पळी आत घालून ढवळलं की दही मोडलं. पाणी सुटतं, कण दिसायला लागतात, आणि आजचं दही कालचं दिसतं. मोडलेलं दही आमच्या पेठेत कुणी घेतलं नसतं. फुकट दिलं असतं तर "का हो, काय झालंय याला?" असं विचारून मग घेतलं नसतं. माझं दही कधी मोडलेलं दिसलं नाही, एवढा एकच माझा रुबाब होता. त्याच रुबाबापायी तुझे काका तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आले.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फूड इन्स्पेक्टर आले. तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, बरोबर पिशवीत तीन रुंद तोंडाच्या बाटल्या. दह्याचा नमुना हवा म्हणाले. पंच म्हणून त्यांनी शेजारच्या बाइंडरना बोलावलं. बाइंडर म्हणजे आपल्या भिंतीला भिंत लागून वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान होतं ते. त्यांचं घराणं पेठेत आमच्या आधीपासूनचं. दर ईदला शीरखुर्म्याचं दूध आमच्याकडून जायचं आणि शीरखुर्मा होऊन आमच्याकडे परत यायचा. माणूस फार सरळ. पुस्तकाची कड सूतभर तिरकी गेली तरी उसवून पुन्हा शिवायचे.

साहेबांनी काकांच्या हातात नोटीस आणि फॉर्म दिले, आणि तिथंच ते फसले म्हण किंवा आम्ही फसलो म्हण. कारण काकांना छापील कागद दिला की शुद्धलेखन तपासल्याशिवाय सही व्हायची नाही. ते पुढच्या बाकावर चष्मा लावून बसले. "'भेसळ' मधला 'ळ' नीट उठलेला नाही," असं त्यांचं चालू होतं. आणि आत दह्यापाशी साहेब, बाइंडर आणि मी, असे तिघेच उरलो.

साहेबांनी पळी घेतली आणि ती सरळ पातेल्याच्या मध्यभागी नेली.

"अहो, अहो, काय करताय?" मी म्हटलं.

"ढवळून घ्यावं लागतं. नियम आहे."

"नियम असेल. पण पाटी वाचलीत का? पातेलं अजून अर्धं भरलंय. मोडलंत तर ते अर्धं कोण घेणार, तुमचं ऑफिस?"

आणि मी त्यांच्या हातातून पळी काढून घेतली. हिसकावली नाही हं. काढून घेतली. पण वेगाने काढून घेतली.

दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस असता तर चिडला असता. हे साहेब इथलेच निघाले. त्यांनी त्या दह्याकडे पाहिलं, ती साय पाहिली, आणि हळूच म्हणाले, "आमची आईसुद्धा मोडू देत नाही." मग म्हणाले, "बरं, तुम्हीच भरा."

मी भरल्या. आता कशा भरल्या ते नीट ऐक, कारण सगळं इथंच आहे. पहिली बाटली भरली ती सकाळपासून कापत आणलेल्या बाजूनं. तिथली साय गिऱ्हाइकं घेऊन गेली होती. माझ्या मनात आलं, सरकारी माणूस आहे, विकत घेतोय, त्याला असं उष्ट्या बाजूचं काय द्यायचं? म्हणून दुसरी भरली न कापलेल्या बाजूची, वरवरची, जाड सायीसकट. दोन पळ्या साय जास्तच गेली. बाटली गळ्यापर्यंत भरेना, तर कापल्या जागी साठलेलं दह्याचं पाणी ओतून पुरी केली. तिसरीला मग तळाचं उरलं. पाहुण्याला वाढताना करतो तसंच केलं सगळं. साहेबांनी तिन्ही बाटल्यांत कसल्याशा औषधाचे थेंब टाकले. टिकावं म्हणून टाकतात म्हणे. चांगल्या दह्यात औषध, मला बघवलं नाही. मग झाकणं, कागद, दोरा, लाखेचं सील, सह्या.

जाताना साहेब हसत म्हणाले, "वहिनी, सरकारी कामात अडथळा आणलात. तुमच्यावरसुद्धा केस होऊ शकते बरं का!"

ते गंमत करत होते. हे मला कळायला दोन वर्षं लागली.

ते गेल्यावर मी बाइंडरना दुकानाबाहेर गाठलं. म्हटलं, "भाई, ते पळीचं कुणाला सांगू नका. ह्यांनासुद्धा नको."

बाइंडर म्हणाले, "भाभी, आपणहून मी सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

आता हे काय आश्वासन झालं? पण त्यांच्याकडून याहून जास्त मिळणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

काही आठवड्यांनी पहिला रिपोर्ट आला. दह्यात स्निग्धांश कमी, म्हणजे साय काढून घेतलेली आहे, म्हणजे भेसळ. काकांनी तो कागद तीनदा वाचला. शुद्धलेखनाची चूक सापडली नाही, त्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं असावं. तीस वर्षं दुधाचा धंदा केलेला माणूस. पाणी घालायचं दूरच, दुधाच्या कॅनवर पावसाचा थेंब पडला तर अस्वस्थ व्हायचा. पेठेत बातमी फिरली. लोक तोंडावर काही बोलले नाहीत. फक्त रोज अर्धा शेर दही नेणारे एक मास्तर पाव शेर न्यायला लागले. काका म्हणाले, "अर्धा विश्वास शिल्लक आहे."

वकील केले. काकांच्या शाळेतले मित्र, नारायण पेठेतले. त्यांनी सांगितलं, "कायदा कडक झालाय. शाबीत झालं तर निदान सहा महिने. त्याखाली कोर्टाच्याही हातात नाही." काकांना तेव्हाच रक्तदाबाचा त्रास होता आणि अंथरूण बदललं की झोप यायची नाही. माझ्या बहिणीकडे, म्हणजे तुमच्या घरी, ते कधी राहायला का आले नाहीत याचं दुसरं काही कारण नव्हतं. ते सहा महिने तुरुंगात कसे काढतील, हा विचार मी दही लावताना करायची आणि विरजण जास्त पडायचं. त्या काळातलं माझं दही आंबट होतं, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते.

वकील म्हणाले, "घाबरू नका. दुसरी बाटली वरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा आपल्याला हक्क आहे. तिचा निकाल शेवटचा. तो आला की पहिला रिपोर्ट रद्द."

काका खूश झाले. अर्ज केला. कोर्टाने सील तपासलं, बाटली गेली. काका रोज पोस्टमनची वाट बघायचे. मी बघत नव्हते. तरी मला वाटत होतं, दुसरीत साय भरपूर आहे, ही पास होणार.

दुसरा रिपोर्ट आला. त्यात स्निग्धांश होता, चांगला भरपूर होता. पण साय सोडून दुधात जे बाकीचं असतं, ते कमी. म्हणजे पाणी घातलेलं आहे, म्हणजे भेसळ.

वकिलांच्या ऑफिसात काका दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून बसले. म्हणाले, "पहिल्याप्रमाणे मी साय काढली. दुसऱ्याप्रमाणे सायीला हात लावला नाही, पण पाणी घातलं."

"हो."

"एकाच पातेल्यात?"

"एकाच."

"म्हणजे पहिला चोर वेगळा आणि दुसरा वेगळा."

"पहिला चोर आता कायद्याने सुटला," वकील म्हणाले. "दुसरा अडकला."

"दोन्ही मीच ना?"

"हो. म्हणून काळजी."

वकील हुशार होते, पण त्यांनाही हे उमगेना. दोन्ही प्रयोगशाळा शहाण्या, सील शाबूत, दही एकच. ते मला सारखं विचारायचे, "वहिनी, दुधात काही गेलं नव्हतं ना? पाणी? पावडर?" मी म्हणायची, "नाही." ते विचारायचे, "आणखी काही सांगायचं राहिलंय का?" आणि मी म्हणायची, "नाही." कारण सांगायचं राहिलेलं होतं ते एकच, आणि ते सांगितलं तर काकांच्या सहा महिन्यांत माझे आणखी मिळवले जातील अशी माझी पक्की समजूत. मग दुकान कोण उघडणार? त्यात साक्षीदारांच्या यादीत बाइंडरांचं नाव. सरकारतर्फे. मी त्यांना रोज शेजारी बघत होते, हातोडीने पुस्तकाची पाठ ठोकताना. हा माणूस खोटं बोलणार नाही, या एका गोष्टीची मला दोन वर्षं धास्ती होती. चांगल्या शेजाऱ्याची इतकी धास्ती कुणी घेतली नसेल.

साक्षी सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी काकांनी वकिलांना जेवायला बोलावलं. मसालेभात केला होता. शेवटी मी दह्याची वाटी पुढे ठेवली. वडी सकाळीच कापलेली, चारी बाजूंनी ताठ. वकिलांनी चमचा घेतला आणि आत घालून गरागरा फिरवायला लागले.

"अहो, मोडू नका!" माझ्या तोंडून गेलं. "कडेनं घ्या. त्या इन्स्पेक्टर साहेबांनासुद्धा मी हेच सांगितलं होतं."

वकिलांचा चमचा वाटीतच थांबला.

"काय सांगितलं होतं?"

"काही नाही. भात वाढू?"

"वहिनी, भात राहू द्या. काय सांगितलं होतं?"

मग काय, सगळं सांगितलं. पळी, पाटी, पहिली बाटली, दुसरीची साय, वरून ओतलेलं पाणी. सांगताना मी रडत होते. काका माझ्याकडे बघत होते आणि वकील स्वतःच्या वाटीकडे बघत होते. वरचं दही एकीकडे, पाणी एकीकडे.

"तिसऱ्या बाटलीत काय आहे?" वकिलांनी विचारलं.

"तळाचं."

"मग तिचं नाव काढायला नको." त्यांनी चमचा खाली ठेवला. "दोन वर्षं, वहिनी. दोन वर्षं मी विचारतोय, काही राहिलं का."

"अडथळा आणला म्हणून मला पकडतील ना?"

"ढवळलेलं नव्हतं हेच तर आपल्याला हवं होतं! न ढवळलेल्या दह्याचा नमुना म्हणजे नमुनाच नव्हे."

काकांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "तू साहेबांना साय दिलीस?"

"दिली."

"दोन पळ्या?"

"जास्तच."

"मला कधी वाढली नाहीस एवढी," म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले. मोरीत बराच वेळ नळ चालू होता.

मग कोर्ट. आधी साहेबांची साक्ष. वकिलांनी विचारलं, दही ढवळलं होतं का? साहेब म्हणाले, नमुना पद्धतीप्रमाणे घेतला. पुन्हा विचारलं, ढवळलं होतं का? साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, आठवत नाही. वाईट वाटलं मला. पोरगा भला होता. माझ्यामुळे त्याला आठवेनासं झालं.

मग बाइंडर. स्वच्छ शर्ट घालून आले होते. त्यांना विचारलं, दही ढवळलं होतं का?

"नाही."

"का नाही?"

"ढवळू दिलं नाही. त्या दुकानात कुणालाच ढवळू देत नाहीत. मी तिथलं दही खात आलोय ते याच कारणासाठी."

सरकारी वकील बाहेरगावचे होते. ते उठले. "मोडू दिलं नाही, मोडू दिलं नाही, असं बचाव पक्ष सारखं म्हणतोय. काय मोडू दिलं नाही? भांडं?"

बाइंडरांनी मॅजिस्ट्रेट साहेबांकडे पाहिलं. मॅजिस्ट्रेट साहेब सदाशिव पेठेतले, हे सगळ्या कोर्टाला ठाऊक. ते लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाले, "दही मोडणं म्हणजे दही ढवळणं. पुढे चला."

पुढे मला उभं केलं. पाटी आमच्या वकिलांनी भिंतीवरून काढून आणली होती, मागे दोन खिळ्यांसकट. ती मॅजिस्ट्रेट साहेबांनी वाचली. मला विचारलं, "तुम्ही सरकारी अधिकाऱ्यालाही मोडू दिलं नाहीत?"

म्हटलं, "साहेब, मोडलेलं दही मग कुणाला द्यायचं?"

त्यांनी ते लिहून घेतलं. जसंच्या तसं.

निकाल लागला. काका निर्दोष सुटले. नमुना त्या पातेल्यातल्या दह्याचा प्रातिनिधिक नमुना नव्हता, दोन रिपोर्टांतला फरक त्यामुळेच, असं काहीतरी. मी कोर्टाच्या पायरीवरच बसून घेतलं. बाइंडरांनी कुठून तरी पाणी आणून दिलं. आणि काका वकिलांना विचारत होते:

"दही शुद्ध होतं, असं लिहिलंय का?"

"नाही."

"अशुद्ध होतं, असं?"

"तसंही नाही."

"मग दही कसं होतं?"

"ढवळलेलं नव्हतं," वकील म्हणाले.

मला वाटलं होतं, सुटले म्हणजे संपलं. पण त्यांचं ते संपलं नाही. सहा महिने टळले याचा आनंद माझा. त्यांना मात्र तो एक शब्द हवा होता, कागदावर. पाटी कोर्टातून परत मिळाली तेव्हा त्यांनी रंग आणला आणि जुन्या ओळीखाली बारीक अक्षरांत नवी ओळ लिहिली: "सरकारी नमुन्यासाठी मोडून मिळेल." लोक वाचून हसायचे. काका हसायचे नाहीत. वाट बघत होते.

दोन-तीन वर्षांनी दुसरे साहेब आले. मी काही न बोलता पळी त्यांच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. त्यांनी सगळं पातेलं ढवळलं, चांगलं खालपासून वरपर्यंत. बाटल्या भरून गेले. उरलेल्याची आम्ही दोन दिवस कढी खाल्ली, बाइंडरांकडेही एक पातेलं गेलं. आणि काका पुन्हा पोस्टमनची वाट बघायला लागले. महिना गेला, दोन महिने गेले. शेवटी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, नमुना पास झाला की कुणी काही कळवत नाही. पत्र येतं ते नापासाचं."

तर असं आहे. तुझे काका गेले तोवर त्यांच्या दह्याबद्दल दोन कागद आले, दोन्ही भेसळीचे, आणि दोन्ही माझ्या पळीतून निघालेले. चांगल्याचा कागद नसतोच, हे त्यांना कधी पटलं नाही. ती पाटी आता माझ्या कॉटखाली आहे. रिपोर्ट खोटं बोलत नाही म्हणतेस, बरोबर आहे. त्याला जे वाढाल ते तो सांगतो.

आता माझ्या साखरेचं काय करायचं ते आपण बघू. पण त्यासाठी ये. दुकान नसलं तरी दही मी अजून लावते, त्याच पातेल्यात, फक्त थोडं. आदल्या दिवशी कळव, म्हणजे ताजं लागेल. ढवळून खाल्लंस तरी चालेल, मी खिडकीबाहेर बघीन. खाऊन झालं की मात्र कसं झालंय ते सांग. लेखी नको, तोंडी चालेल. पण लवकर ये.